घरातला कागद ऐन वेळी सापडत नाही: दरवर्षी उलटणारं दुखणं आणि त्यावर केलेली दुरुस्ती

जुलैचा तिसरा आठवडा आला की आमच्याकडे हा प्रसंग ठरलेला असायचा. रिटर्न भरून देणाऱ्या मुलाचा फोन येणार, "काका, त्या दुसऱ्या बँकेचं व्याजाचं सर्टिफिकेट तेवढं राहिलंय." मग मी कपाट उघडणार, वरच्या फळीवरची लग्नाच्या बस्त्याची पिशवी खाली ओढणार आणि दिवाणावर कागदांचा ढीग पडणार. त्यात २०११ ची लाईट बिलं, बंद झालेल्या गॅस एजन्सीचं कार्ड, कुणाच्या तरी मुंजीची पत्रिका. व्याजाचं सर्टिफिकेट सोडून सगळं. ढिगाकडे बघत सौ. म्हणायची, "अहो, ऑफिसात सहा गठ्ठे आणि घरात एकच गठ्ठा!"

टोमणा बरोबर बसायचा, कारण मी जिल्हा परिषदेत तीस वर्षं कारकुनी केली. दप्तर तपासणीला साहेब आले की माझं टेबल आधी दाखवायचे. कुठल्याही प्रकरणाचा कागद दोन मिनिटांत समोर. आणि घरी? नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्याला पीपीओचा, म्हणजे पेन्शनच्या आदेशाचा, नंबर लागला की शोधाशोध, दवाखान्यात गेलं की विम्याचं कार्ड गायब, फ्रीज बिघडला की बिल नाही.

निवृत्त झाल्यावर या दुखण्याच्या मुळाशी जायचं ठरवलं. कुणाकडे असाच गोंधळ असेल तर माझे फसलेले प्रयोग आधी वाचा, म्हणजे तुमचे पैसे वाचतील.

जे करून पाहिलं आणि फसलं

पहिला प्रयोग म्हणजे फोल्डर. तेरा कप्प्यांचा, पेटीसारखा उघडणारा, बटणाचा. प्रत्येक कप्प्याला चिठ्ठी: बँक, विमा, घर, लाईट, दवाखाना, आणि शेवटच्या कप्प्याला 'इतर'. सहा महिन्यांत 'इतर' गरोदर बाईसारखा फुगला आणि बाकीचे बारा चपटेच राहिले. कारण सरळ होतं. दवाखान्याचं बिल कुठे ठेवायचं? दवाखान्यात? की विम्यात, कारण क्लेम करायचाय? हातात पिशवी, गॅसवर दूध, एवढा विचार कोण करतो? 'इतर' सोपं.

दुसरा प्रयोग मुलाचा. तो म्हणाला, "बाबा, सगळं स्कॅन करून टाका, कागद कशाला हवेत?" दोन रविवार खपून फोनमध्ये चारशे फोटो काढले. त्यांची नावं फोनने दिली ती तशीच, नुसते आकडे. म्हणजे पिशवीतला ढीग फोनमध्ये गेला, एवढाच फरक. उलट पिशवीत निदान रंगावरून कागद ओळखू यायचा.

तिसरा उपाय दिवाळीची साफसफाई. हा उपाय नसून हाच निम्मा रोग आहे, हे मला फार उशिरा कळलं. वर्षभर टीव्हीमागे, देव्हाऱ्याखाली, कालनिर्णयच्या मागे खोचलेले कागद निदान आपापल्या जागी असतात. लाईट बिल दाराच्या तारेला टोचलेलं असतं, हे घरात सगळ्यांना ठाऊक असतं. धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी ते सगळं उचलून एका पिशवीत कोंबतात, कारण पाहुणे येणार. बाहेरून घर लख्ख, आणि आत आठवणीतला पत्ता पुसला गेलेला.

खरं कारण

ऑफिसात प्रत्येक कागदाला दोन नोंदी असतात, आवक आणि जावक. आला की आवक नंबर, गेला की जावक नंबर. घरात नुसती आवक आहे. टपालाने येतो, दुकानातून येतो, बँकेतून येतो, आणि एकदा आला की त्याला जायला वाटच नाही. हातात घेऊन विचारलं, "हे टाकू?" तर उत्तर एकच: "राहू दे, लागेल कधीतरी."

या 'लागेल कधीतरी'नेच कामाचा कागद बिनकामाच्या कागदाखाली गाडला जातो. आमच्या पिशवीतला प्रत्येक कागद मी एकदा मोजून काढला होता. दहातले आठ असे निघाले, की ते मागायला जगात कुणी उरलंच नव्हतं. शोधायचे होते फक्त दोन.

तेव्हा 'हा कागद कोणत्या प्रकारचा' हा प्रश्नच सोडून दिला. आता कागद हातात आला की दोन गोष्टी विचारतो: हा कोण मागणार, आणि कधीपर्यंत मागू शकतो? उत्तर कागदाच्या उजव्या कोपऱ्यात पेन्सिलीने लिहायचं. 'विमा, क्लेम होईपर्यंत.' 'प्राप्तिकर, २०३३.' 'कुणी नाही.' खरेदीखतासारख्या मूळ दस्तावर मात्र काहीही लिहायचं नाही, त्याच्या पाकिटावर लिहायचं. या दोन शब्दांना दहा सेकंद लागतात आणि निम्मी लढाई तिथेच संपते, कारण 'कुणी नाही' लिहिलेला कागद ठेवायला आपल्यालाच लाज वाटते.

ऑफिसची पद्धत घरात

महाराष्ट्रातल्या सरकारी कचेऱ्यांत सहा गठ्ठे पद्धत आहे. ज्यांनी नोकरी केली त्यांना पाठ असेल: प्रलंबित प्रकरणं, प्रतीक्षाधीन प्रकरणं, नियतकालिकं, स्थायी आदेश, अभिलेख कक्षात पाठवायची प्रकरणं आणि नाश करायचे 'ड' वर्गाचे कागद. १९८० च्या दशकात अहमदनगरचे जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी आपल्या कचेरीचं दप्तर असं काही लावलं, की 'लखिना पॅटर्न' हा शब्दच रूढ झाला. आम्ही कारकून मंडळी तेव्हा कुरकुरलो, पण नंतर त्याच शिस्तीवर नोकरी काढली.

घरात सहा गठ्ठ्यांची गरज नाही. आमचे चार झाले.

पहिला, हातातलं. एक क्लिपचं पॅड, स्वयंपाकघराच्या दाराशी खिळ्याला टांगलेलं. भरायचं बिल, उत्तर द्यायचं पत्र, क्लेमचे कागद. पॅड जाड दिसायला लागलं की काहीतरी तुंबलंय हे येता-जाता कळतं. बंद फाईलमध्ये हे कळत नाही.

दुसरा, वाट पाहतोय. आपण अर्ज दिलाय आणि उत्तर यायचंय, अशांचा. अर्जाची पोच, क्लेम नंबर, तक्रार क्रमांक. प्रतीक्षाधीनचा हा गठ्ठा घरोघरी कुणीच ठेवत नाही आणि सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं. आमचंही झालं, ते पुढे सांगतो.

तिसरा, वर्षाची फाईल. आर्थिक वर्षाला एक, एप्रिल ते मार्च. व्याजाची सर्टिफिकेटं, टीडीएसचे कागद, विम्याच्या हप्त्यांच्या पावत्या, घरपट्टी, रिटर्नची पोच. रिटर्नसाठी लागणारा प्रत्येक कागद वर्षभर इथे, बँक कोणती ते बघायचं नाही. जुलैतला फोन आता याच एका फाईलवर मिटतो.

चौथा, कायमचा. खरेदीखत, सूची क्रमांक दोन, सातबारा, फेरफार, मिळकत पत्रिका, जन्म-मृत्यू-विवाहाचे दाखले, पीपीओ, विम्याचे बाँड, नॉमिनेशनच्या पोचपावत्या. हे पंच करायचे नाहीत. प्रत्येकाला आडवं कागदी पाकीट, पाकिटावर बाहेरून आत काय आहे त्याची यादी, आणि सगळी पाकिटं एका पत्र्याच्या पेटीत.

'इतर' नावाचा गठ्ठा कुठेही नाही.

किती दिवस ठेवायचं

ऑफिसात अ वर्ग कायम, ब तीस वर्षं, क दहा, क-१ पाच आणि ड एक वर्ष. घरचं कोष्टक एवढं ताठ नको, पण काहीतरी हवंच, नाहीतर 'लागेल कधीतरी' परत घुसतं.

प्राप्तिकराचं लोक फार घाबरून धरून ठेवतात. १ सप्टेंबर २०२४ पासूनचा नियम असा, की जुनं प्रकरण उघडायची नोटीस आकारणी वर्ष (म्हणजे आर्थिक वर्षाच्या पुढचं वर्ष) संपल्यापासून सव्वातीन वर्षांपर्यंत येऊ शकते, आणि लपलेलं उत्पन्न ५० लाख किंवा त्याहून जास्त असल्याचं प्रकरण असेल तर सव्वापाच वर्षांपर्यंत. मी कारकुनी स्वभावाप्रमाणे वर दोन वर्षं धरून आठ वर्षांच्या फायली ठेवतो. नववी आली की पहिली जाते.

घराचे आणि जमिनीचे कागद कायम. विकताना खरेदीची किंमत, स्टँप ड्यूटी, नंतर केलेलं बांधकाम, सगळं विक्रीच्या किमतीतून वजा दाखवावं लागतं. १ एप्रिल २००१ च्या आधी घेतलेली मिळकत असेल तर त्या दिवशीच्या बाजारभावाचा मूल्यांकन अहवालही इथेच. २३ जुलै २०२४ पासून विक्रीच्या नफ्यावरच्या कराचे दर बदलले म्हणून जुन्या खरेदीचे कागद बिनकामाचे झाले असं एकाने मला ठासून सांगितलं. तसं काही नाही. खरेदीची किंमत आजही दाखवावीच लागते, आणि त्या तारखेच्या आधी घेतलेल्या घर-जमिनीला साडेबारा टक्के की महागाई निर्देशांक धरून वीस टक्के, यातला कमी बसेल तो कर भरायची मुभा आहे.

लाईट बिल, पाणीपट्टी, फोन: पुढचं बिल आलं आणि मागची बाकी शून्य दिसली की मागचं गेलं. पत्त्याच्या पुराव्यासाठी ताजी दोन ठेवतो. घरपट्टीच्या पावत्या मात्र वर्षाची फाईल गेली तरी टाकत नाही. नगरपालिकेच्या वहीत एखादं वर्ष 'थकीत' कसं उगवतं ते देव जाणे, तेव्हा पावतीच बोलते.

एटीएमच्या चिठ्ठ्या, पासबुकात उतरलेल्या स्लिपा, संपलेल्या गाडीविम्याची पत्रं ज्यावर क्लेम नाही, हे सगळं रद्दी. पण रद्दीत टाकताना खातं, पॅन आणि आधारचा तुकडा फाडून वेगळा करा. एकदा मला वडापाव कुणाच्या तरी आधारच्या झेरॉक्समध्ये मिळाला होता. फोटो, पत्ता, सगळं तेलात माखलेलं.

आमचं नुकसान कुठे झालं

घराचं कर्ज २०१४ साली फिटलं. बँकेने मूळ कागद दिले, ना-देय दाखला दिला, पेढे वाटले, दाखला पिशवीत गेला. नऊ वर्षांनी मुलाच्या कामासाठी सातबारा काढला तर 'इतर हक्क' रकान्यात बँकेचा बोजा तसाच. चूक पूर्ण माझी. दाखला मिळाला म्हणजे काम झालं असं मी धरलं. तो तलाठ्याकडे देऊन (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, पण जीभ वळत नाही) अर्ज करायचा असतो, मग फेरफार, म्हणजे बदलाची नोंद, पडतो, मंडळ अधिकारी तो मंजूर करतात आणि तेव्हा कुठे बोजा उतरतो. मधल्या काळात ती शाखा दुसऱ्या शाखेत विलीन झाली होती. दाखला पिशवीतून निघाला म्हणून निभावलं, नाहीतर नवा मिळवायला किती खेटे पडले असते!

'वाट पाहतोय' हा गठ्ठा त्या दिवशी सुरू झाला. बोजा उतरलेला नवा सातबारा हातात पडत नाही तोवर दाखल्याची प्रत तिथून हलत नाही.

ज्यांचं कर्ज आता फिटतंय त्यांच्यासाठी एक गोष्ट बरी झाली आहे. रिझर्व्ह बँकेच्या आदेशानुसार १ डिसेंबर २०२३ पासून कर्ज पूर्ण फिटल्यावर ३० दिवसांत मूळ कागद परत द्यावे लागतात, आणि बँकेच्या चुकीने उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई. कागद घेताना बँकेच्या यादीवर टिक करत, प्रत्येक दस्ताची पानं मोजून घ्या. सही नंतर.

कागद आहे, पण वाचता येत नाही

हे वेगळं दुखणं. फ्रीजचं बिल मी जपून प्लॅस्टिकच्या पारदर्शक पाकिटात घातलं होतं. दोन वर्षांनी काढलं तर कोरा पांढरा कागद. दुकानाचा लोगो मागून छापलेला तेवढा शाबूत, तारीख आणि रक्कम गायब. या चिठ्ठ्यांवर शाई नसतेच. उष्णतेने काळा पडणारा लेप असतो, आणि ऊन, उकाडा, तेलाचे हात, प्लॅस्टिकमधली रसायनं यांनी ती अक्षरं उडतात. घरी आल्या आल्या साधी झेरॉक्स काढून चिठ्ठी तिलाच जोडायची. लॅमिनेशन तर मुळीच नको, गरम रुळातून गेली की चिठ्ठी अख्खी काळी.

लॅमिनेशनचा मोह मूळ दस्तांच्या बाबतीतही आवरा. प्लॅस्टिकमध्ये गेलेला कागद पुन्हा सुटा होत नाही, त्यावर नवा शेरा किंवा शिक्का मारता येत नाही.

मग पावसाळा. टाचण्या आणि स्टेपलरच्या पिना गंजून कागदाला तांबडी भोकं पाडतात. रबरबँड उन्हाळ्यात वितळून चिकटतो आणि सोडवताना अक्षरांसकट कागद उचलतो. आम्ही ऑफिसातले हिरवे टॅग वापरतो, दुकानात स्वस्त मिळतात. पेटी भिंतीला आणि जमिनीला टेकवू नका, वाळवी भिंतीतून येते. कसर लागू नये म्हणून आमच्या आजीच्या पोथ्यांच्या लाल फडक्यात वेखंडाचे तुकडे असायचे. मीही चार टाकतो. दसऱ्याच्या सुमारास ऊन तापलं की पेटी उघडून पाकिटं तासभर सावलीत वाऱ्याला ठेवायची.

स्कॅनचं काय?

स्कॅन करा, पण नाव देऊन. आमची पद्धत: वर्ष, महिना, कोण, काय. '२०२५-०७ घरपट्टी पावती'. वर्ष आधी लिहिलं की फोन आपोआप क्रमाने लावतो. व्हॉट्सअ‍ॅपवर 'मुलाला पाठवून ठेवलाय' याला मी साठवण मानत नाही. फोन बदलला की मागचं काय उरेल याचा भरवसा नाही.

डिजीलॉकरचं मात्र लोकांना नीट कळलेलं नाही. खुद्द खात्याने तिथे दिलेला दाखला, म्हणजे 'जारी केलेले' या भागातला, मूळ कागदाच्या बरोबरीने धरला जातो. आपण फोटो काढून चढवलेला कागद हा नुसता फोटोच, तो तिथे ठेवला म्हणून मूळ होत नाही.

एक पान, जे सगळ्यांत आधी लिहायला हवं होतं

वडील गेले तेव्हा त्यांची ट्रंक उघडली. आत पोस्टाची राष्ट्रीय बचत प्रमाणपत्रं, दोन विम्याचे बाँड, एका पासबुकावर शेवटची नोंद बारा वर्षांपूर्वीची. आईला यातलं काही माहीत नव्हतं. दहा वर्षं व्यवहार नसलेल्या खात्यातली रक्कम बँका रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार निधीकडे वळवतात. पैसे बुडत नाहीत, त्याच बँकेकडून मागता येतात, पण वारसांना कागद जमवत बसावं लागतं. ऑगस्ट २०२३ पासून रिझर्व्ह बँकेच्या 'उद्गम' पोर्टलवर नाव टाकून अशा बेवारस ठेवी शोधता येतात. आम्ही शोधलं तेव्हा ते नव्हतं, शाखा-शाखा हिंडलो.

म्हणून आता पेटीच्या झाकणाला आतून एक पान चिकटवलंय. कुठल्या बँकेत खातं, पोस्टात काय, विमा कुठला, नॉमिनी कोण, मूळ कागद कितव्या पाकिटात. रकमा आणि पासवर्ड लिहिलेले नाहीत. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चारपर्यंत नॉमिनी लावता येतात, तेव्हा या निमित्ताने आपल्या खात्याचं नॉमिनेशन खरोखर नोंदलंय का हे पासबुक उघडून बघा. आमच्या एका ठेवीवर मीच लिहायचं विसरलो होतो. दप्तर तपासणीला पहिला नंबर काढणारा मी!

हे पान सौ.ने माझ्यासमोर बसून वाचलं आणि तिला कळलं नाही ते मी पुन्हा लिहिलं. "पीपीओ म्हणजे काय ते लिहा की," म्हणाली. लिहिलं.

तरीही कागद हरवला तर

नोंदणी झालेल्या दस्ताची प्रमाणित नक्कल दुय्यम निबंधक कार्यालयातून मिळते. विम्याचा बाँड किंवा ठेवीची पावती हरवली तर त्या त्या संस्थेचा अर्ज आणि स्टँप पेपरवर क्षतिपूर्ती बंधपत्र (पुढे नुकसान झालं तर भरून देईन असं हमीपत्र) द्यावं लागतं, काही जण पोलिसांकडची हरवल्याची नोंद मागतात. जुने कागदी शेअर सापडले तर १ एप्रिल २०१९ पासून ते डीमॅट केल्याशिवाय विकता येत नाहीत, तेव्हा ट्रंकेत तसेच परत ठेवू नका.

आणि गोंधळ पुन्हा डोकं वर काढायला लागला तर ते पहिल्यांदा कुठे दिसतं तेही सांगतो. दाराच्या खिळ्यावरच्या पॅडखाली एक पिशवी येऊन लटकते. परवा लटकली होती. सौ.नेच ती उतरवली, दिवाणावर पालथी केली आणि मला हाक मारली. अर्ध्या तासात सतरा कागद 'कुणी नाही' निघाले, तीन कागद 'वर्षाच्या फाईल'ला लागले, आणि एक कोराच होता. फ्रीजचं बिल. फ्रीज मागच्याच महिन्यात भंगारात दिला होता.

"हे टाकू?" तिने विचारलं.

मी जावक नंबर घातला.